मच्छरदाणीच्या तारा

बटालियनची लाइन
१४ जून २०२२

चि. मो स्वेस,

या पत्राला मासळीचा वास येईल, नाक मुरडू नकोस. न्यो मावशी आंबवलेल्या मासळीचं मडकं डोक्यावर घेऊन आमच्या लायनीत येते. फाटकावरचे शिपाई सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करून बघतात, पण त्या मडक्यात हात घालायला कुणी धजत नाही. तेव्हा हेच आपलं टपालखातं. तू जिवंत आहेस हे तिच्याकडूनच कळलं. कळलं तेव्हा मी मेजरीणबाईंचे कपडे पिळत होते. रडता आलं नाही, म्हणून आणखी जोरात पिळले.

पेपरातली जाहिरात तू वाचली असशीलच. 'माझा धाकटा भाऊ मो स्वे याने घराण्याला काळिमा फासल्यामुळे मी त्याच्याशी सर्व संबंध तोडले आहेत.' शब्द मेजरीणबाईंचे, सही माझी. हल्ली रोज अर्धं पान अशा जाहिरातींनी भरतं, आईबाप पोरांना टाकतात, बहिणी भावांना. तू लष्कर सोडून बंदूक घेऊन जंगलात गेलास त्याच आठवड्यात तुझ्या दाजींना चौकशीला नेलं. शेवटी लष्करात तुला त्यांनीच चिकटवलं होतं. फार काही झालं नाही. परत आले, नोकरी राहिली. मी सही केली नसती तर राहिली नसती.

आता त्यांची बदली मजीकोनच्या वरच्या पॅगोडा टेकडीवर झाली आहे. तिथे उखळी तोफेची एक नळी आहे, ती त्यांच्या ताब्यात. आणि न्यो मावशी म्हणते की तू त्याच टेकडीच्या पायथ्याशी मजीकोनमध्ये आहेस. म्हणजे नवरा वर आणि भाऊ खाली. मला दोघेही हवेत रे. सणाला एका ताटाभोवती बसलेले हवेत. बाकी कोण जिंकतं आणि कोण हरतं ते देवाला ठाऊक.

दाजींना मी काय सांगू ते लिही. वाचून झालं की चुलीत टाक.

तुझी ताई
यिन नू


मजीकोन
२ जुलै

प्रिय ताई,

तुझी जाहिरात मी वाटाण्याच्या भज्यांच्या पुडीवर वाचली. तेल लागून माझं नाव अर्धं पुसलं होतं. शेजारी बसलेल्याने विचारलं, काय रे, ओळखीचं कुणी? मी म्हटलं, हो, माझीच बहीण, नाव तिचं आहे पण शब्द तिचे नाहीत. तो म्हणाला, मला तर बापाने टाकलंय, पहिल्या पानावर. त्यावर आम्ही भजी खाल्ली. मनाला लावून घेऊ नकोस.

मी का गेलो ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. एका गावात आम्हाला घरं पेटवायला लावली. एका घरात म्हातारी एकटीच होती. माझ्या हातातली मशाल बघून ती म्हणाली, "जरा थांब बाळा, कोंबड्या सोडते." मी थांबलो. तिने एकेक कोंबडी सोडली, मग स्वतः बाहेर येऊन उभी राहिली. मग मी घर पेटवलं. आमच्या कंपनीचा कॅप्टन बघत होता, ताई. त्यानंतर मला तिथे जेवण गेलं नाही.

इथे बरं चाललंय. डाळभात आहे, ताडगूळ आहे, आणि तोफेचे गोळे आहेत. पण गंमत ऐक. टेकडीवरून येणारे गोळे ओढ्यात किंवा रानात पडले तर फुटतात आणि गावात पडले तर फुटत नाहीत. नुसते धप्प करून चिखलात नाक खुपसून रुततात. लोक म्हणतात, मठातल्या मोठ्या भंत्यांची पुण्याई. भंते म्हणतात, माझं काही नाही, हात मात्र लावू नका. म्हणून जिथे गोळा पडतो तिथे बांबूच्या काटक्यांचं कुंपण घालतात. शेतात अशी कितीतरी कुंपणं झालीत. मी म्हणतो, पुण्याई कसली, दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या चोरांची कृपा. दाजींना विचार, असला कुजका माल उडवताना लाज कशी वाटत नाही. आता भोंगा वाजला तरी खंदकात कुणी उतरत नाही. पावसाने ते भरलेत आणि त्यात बदकं पोहतात.

त्यांना काय सांगू म्हणतेस ना? सांग, खाली उतरा. बाहेरून लष्करी हिरवे आणि आतून आमच्यासारखे लाल अशांना आम्ही टरबूज म्हणतो, आणि टरबूज किती दिवस वेलीवर राहणार? आमचे कमांडरही त्यांची वाट बघतायत.

पत्र चुलीत टाकवत नाही. वास आला तरी उशाशी ठेवलंय.

तुझा
मो स्वे


बटालियनची लाइन
२९ जुलै

चि. मो स्वेस,

तुझे दाजी सुट्टीवर येऊन गेले. बरोबर त्यांच्या हाताखालचा टिन वे होता. तो खालच्या मुलखातला, इथे त्याचं कुणी नाही, म्हणून सुट्टीत आमच्याकडेच जेवतो. फटकळ तोंडाचा आहे, पण भांडी घासून जातो. त्याचं लग्न ठरलंय म्हणे, मुलीचा फोटो मला तीन वेळा दाखवला.

टिन वे झोपल्यावर मी तुझं पत्र दाजींना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. कुजक्या मालावर तरी हसतील असं वाटलं होतं, नाही हसले. बदकांपाशी आले आणि पत्र खाली ठेवलं. म्हणाले, "त्याला लिही, बदकं हाकल आणि पाणी उपस." मी म्हटलं, गोळेच फुटत नाहीत तर कशाला? तर म्हणाले, "लिही म्हटलं ना."

मग उतरण्याचं काढलं. तर म्हणाले, "मी खाली उतरलो तर वर कोण बसेल?" मला इतका राग आला. जशी काही त्या नळीशिवाय टेकडी ओस पडणार आहे. आपल्या घराण्यात कुणाला नळीचं एवढं प्रेम नव्हतं. माझा तर विचारही आला नाही त्यांच्या मनात, की मी या लायनीत ओलीस बसले आहे, ते पळाले तर माझं काय. 

दोन दिवस बसून त्यांनी माझ्याकडून तारा वाकवून घेतल्या. सायकलच्या जुन्या आऱ्या कापायच्या, बोटाएवढा तुकडा, आणि एका टोकाला कडी वाकवायची. टेकडीवरच्या कॅप्टनच्या मच्छरदाणीला लागतात म्हणे. मागच्या सुट्टीतही इतक्याच करून नेल्या होत्या. मी म्हटलं, कॅप्टन काय सगळ्या डोंगराला मच्छरदाणी लावतो? तर म्हणाले, "डास फार आहेत." हाताला फोड आलाय माझ्या. ते आऱ्या कापतात, पक्कड मीच धरते.

तू तब्येतीला जप. आणि पाणी उपस, एवढं सांगितलंय तर.

तुझी ताई


मजीकोन
२० ऑगस्ट

ताई,

आज थट्टा नाही. पलीकडचं कान्ता गाव परवा जाळलं. पायदळ आलं होतं, माझीच जुनी कंपनी. भजी खाताना मला बापाची जाहिरात सांगणारा होता ना, तो गेला. त्याला विहिरीत टाकलं होतं. मी वर काढला.

आणि दाजी म्हणतात, वर कोण बसेल! जशी बापजाद्यांची गादीच आहे. बहिणीच्या नवऱ्याला बोलू नये, पण बोलतो. ते भित्रे आहेत. पगार, लायनीतली खोली आणि म्हातारपणीचं पेन्शन, यासाठी ते रोज आमच्या डोक्यावर गोळे टाकतात. फुटत नाहीत हे आमचं नशीब, त्यांचा चांगुलपणा नव्हे.

न्यो मावशीबरोबर मडक्याखाली एक पुडकं पाठवतोय. त्यात बायकांची लुंगी आहे, लाल फुलांची. ती दाजींना दे. ज्याला पुरुषाचं काम जमत नाही त्याने ती नेसावी. मावशी पुडकं घ्यायला तयार नव्हती. म्हणाली, "मेल्या, पुरुषाला बाईची लुंगी पाठवतोस? तेज उतरतं त्याचं. याच्यापेक्षा गोळी घाल." मी म्हटलं, गोळी घालायची वेळ येऊ नये म्हणूनच पाठवतोय.

द्यायची की नाही ते तुझ्यावर.

मो स्वे


बटालियनची लाइन
१८ सप्टेंबर

मो स्वे,

दिली.

लपवायची असती तर लपवता आली असती. पेटीच्या तळाशी महिनाभर होती. पण आमच्या लायनीतल्या बायकांना गेल्या आठवड्यापासून लाकडी बंदुका देऊन पहाऱ्याला उभं करतात, आणि त्या वेळात मी तुझं पत्र मनात पुन्हा पुन्हा वाचत होते. मलाही वाटायला लागलं की तू म्हणतोस ते खरं आहे. ते सुट्टीवर आले, जेवले, हात धुतले, आणि मी ती लुंगी त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, तुमच्या मेव्हण्याने पाठवली आहे. आणि मी समोरून हलले नाही, म्हणजे माझंही तेच म्हणणं.

आपले पुरुष दोरीवर वाळत घातलेल्या बायकांच्या लुंगीखालूनही जात नाहीत. तुझे दाजी तर कधीच नाहीत, अंगणात वळसा घालून जातात. त्यांनी ती हातात घेतली. उलगडून बघितली. घडी घातली, नीट, काठाला काठ जुळवून. आणि रात्री उशाखाली ठेवून झोपले. डोक्याखाली, मो स्वे. मला वाटलं ओरडतील, मारतील. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी म्हणाले, "उतरतो." मग थोड्या वेळाने, "एकदा उतरलो की परत चढता येणार नाही, हे त्याला कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. त्यांनी दोन अटी घातल्या आहेत. एक, मला आधी बाहेर काढायचं आणि मजीकोनला न्यायचं नाही, नदीपलीकडच्या मठात न्यायचं. दुसरी, ते उतरायच्या आधी गावातले सगळे खंदक कोरडे झाले पाहिजेत, आणि लोकांना त्यात उतरायची सवय पुन्हा लागली पाहिजे. खंदक झाल्याचा तुझा निरोप आल्याशिवाय ते उतरणार नाहीत. मी विचारलं, एवढं काय त्या खंदकांचं? तर म्हणाले, "कागदावर लिहिण्यासारखं नाही. तिघांचे गळे आहेत." तिसरा कोण ते सांगितलं नाही.

मी लिहिते आहे त्याचा प्रत्येक शब्द त्यांचा आहे. तू अट पाळ.

ताई


मजीकोन
१२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पत्र वाचून मी उडीच मारली. कमांडरनी मला मिठी मारली. दाजींना माझ्यातर्फे नमस्कार सांग आणि लुंगीचं मनावर घेऊ नका म्हणावं, भेटल्यावर पाय धरीन.

आता नीट ऐक. ताझाउंमोन महिन्याच्या पौर्णिमेला एका रात्रीत बुद्धासाठी चीवर विणायची शर्यत असते ना, तुझ्या बटालियनचा माग यंदाही तुमच्या लायनीजवळच्या पॅगोडाच्या आवारात लागणार. तू विणकरणींत नाव दे. तुझा हात चांगला आहे, नक्की घेतील. रात्रभर माग चालतो, बायका आळीपाळीने बसतात, पहारेकरी पेंगतात. न्यो मावशी तिथे चहाची टपरी लावणार आहे. पुढचं ती बघेल. त्याच दिवशी दाजींनी टेकडी सोडायची. आधी नाही आणि नंतर नाही.

नदीपलीकडचं मला पटत नाही. सगळ्या मुलखात मजीकोनइतकं निर्धास्त गाव नाही. इथे पौर्णिमेला दिवे लागतात, पोरं झोके घेतात. पण दाजींचा हट्टच आहे तर तसं करू.

खंदकांचं झालं म्हणून त्यांना सांग.

तुझा
मो स्वे


नदीपलीकडचा मठ
९ नोव्हेंबर

चि. मो स्वेस,

पोचले. अंगात माझं लायनीतलंच पोलकं आहे आणि पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला, पण पोचले.

मागावर बसले होते तेव्हा माझं सगळं लक्ष चहाच्या टपरीकडे होतं. विणलेलं सगळं सैल पडलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे एकदा बघितलं, मग माझा धोटा स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "जा, चहा पिऊन ये. सावकाश पी." तिलाही कळलं होतं बहुतेक. तिचं आता काय केलं असेल कोण जाणे. बुद्धाच्या अंगावर जाणारं वस्त्र मी अर्धं टाकून आले, त्याचं पाप मला लागू दे, तिला नको.

न्यो मावशीने मला होडीत बसवलं आणि स्वतः मागे फिरली. म्हटलं, चल की. तर म्हणाली, "माझी मासळी कोण विकेल, तुझा बाप? शिवाय मजीकोनला खळ्यावर नवा तीळ आलाय. आणि तुझ्या नवऱ्याचं तोंड बघायचंय मला. एवढी पत्रं वाहिली, फुकट नाही वाहिली." जाताना हातावर ताडगुळाचा खडा ठेवून गेली.

ते आले का? एवढंच कळव. एक ओळ चालेल. आले असतील तर त्यांना म्हणावं, लुंगी मी द्यायला नको होती. हे तू म्हणू नकोस, मीच म्हणेन. तू फक्त आले का ते कळव.

तुझी ताई


मजीकोन
१६ नोव्हेंबर

ताई,

या पत्राला वास येणार नाही. न्यो मावशी गेली. दाजी आले आहेत, जिवंत आहेत, अंगावर ओरखडाही नाही. ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचवेल.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते ओढ्यातून वर आले. गाव वेशीवर आलं होतं. बायकांनी मुरवलेल्या चहापानांचं तबक पुढे केलं, समेट झाला म्हणून. त्यांनी तबकाकडे बघितलंही नाही. पहिला शब्द काय, तर "खंदक कुठे आहेत?" मी काहीतरी बोलायला लागलो. ते माझ्या अंगावरून पुढे गेले आणि खंदकापाशी उभे राहिले. बदकं होती, ताई. मी खोटं लिहिलं होतं. तिळाची सुगी आली होती, कुणी फावड्याला हात लावेना, आणि मला वाटलं की अट म्हणजे त्यांचा मोठेपणा. एकदा आले की विसरतील.

ते मला मारतील असं वाटलं. त्यांनी मला हाताला धरून शेतात नेलं, एका काटक्यांच्या कुंपणात उतरले आणि रुतलेल्या गोळ्याभोवतीचा चिखल बोटांनी उकरला. गोळ्याच्या नाकाशी एक तार होती. सायकलच्या आरीची, टोकाला कडी वाकवलेली.

नळीत सोडण्याआधी गोळ्याची पिन ओढायची असते. ती ओढली नाही तर तो फुटत नाही. दाजी कॅप्टनसमोर पिन ओढायचे, डब्यात टाकायचे, डबा वाजायचा. आणि नळीच्या तोंडाशी वाकताना त्याच भोकात तुझी तार सरकवायचे. ओढ्यावर आणि रानात टाकायचे ते गोळे खरे सोडायचे, म्हणजे कॅप्टनला आवाज ऐकू यावा. टिन वे शेजारी उभा असायचा. त्याने सगळं बघितलं होतं आणि एक शब्द काढला नव्हता. तिसरा गळा त्याचा.

"आता वर टिन वे आहे," दाजी म्हणाले, "आणि त्याच्या पाठीशी कॅप्टन पिस्तूल घेऊन उभा असेल. त्याच्याकडे तारा नाहीत."

आम्ही घरोघर पळालो. मी ओरडत होतो, ते ओरडत होते. लोक हसत होते. एक म्हातारा म्हणाला, "सार्जंट, तुम्ही इकडे आलात, आता भीती कुणाची?" भंत्यांनी घंटा बडवली. काहीजण त्यांच्या शब्दासाठी मठात आले, बाकीच्यांना तीळ झटकायचा होता. दाजींनी फावडं घेतलं आणि दिवसभर एकट्याने खंदक उपसला. संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी उतरलो. ते उपसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला गोळा आला तेव्हा खळ्यावर बायका तिळाच्या पेंढ्या उलट्या करून झटकत होत्या. न्यो मावशी मधोमध बसून भाव करत होती. शिट्टी ऐकून कुणीही उठलं नाही. एकीने म्हटलेलं मी खंदकातून ऐकलं, "चला, आणखी एक कुंपण घाला." खळ्यावरचं कुणी उरलं नाही. तीळ सगळीकडे उडाला होता. अजून पाय ठेवला की चिकटतो.

ज्या म्हाताऱ्याने भीती कुणाची म्हणून थट्टा केली होती, त्याची सून गेली. तो संध्याकाळी दाजींसमोर येऊन बसला. शिवी नाही, काही नाही. म्हणाला, "शत्रू होतात तोवर आम्हाला सांभाळलंत. आमचे झालात आणि ही गत झाली." मग त्यांना विडी दिली आणि स्वतःही ओढली.

ताई, मी काय करू ते मला कळत नाही.

मो स्वे


नदीपलीकडचा मठ
२५ नोव्हेंबर

मो स्वे,

तुझं पत्र घेऊन आलेला माणूस तीन दिवस इथे उत्तरासाठी थांबलाय. मला लिहवत नव्हतं.

त्या तारा मी वाकवल्या. फोड आला म्हणून कुरकुर केली. आणि ज्या हाताने वाकवल्या त्याच हाताने त्यांच्यापुढे लुंगी ठेवली. "मी उतरलो तर वर कोण बसेल" असं ते म्हणाले तेव्हा मी घरातच होते, समोरच होते. बायको होते त्यांची. मला कळायला हवं होतं. तुला कळलं नाही, तुला मी काय बोलू?

पण एक बोलते. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, कमांडर वाट बघतायत. उतरतो म्हटल्यावर त्यांनी तुला मिठी मारली. पत्र आणणारा माणूस काल बोलता बोलता म्हणाला की तुमच्याकडे एक नळी आहे, गेल्या वर्षी लष्कराकडून हिसकावलेली, आणि ती चालवणारा कुणी नव्हता. खरं आहे ना? तुला दाजी नको होते, मो स्वे. गोलंदाज हवा होता. तसं सरळ लिहिलं असतंस तर मी लुंगी चुलीत टाकली असती आणि मजीकोनच्या बायका आज तीळ झटकत असत्या.

शिव्या द्यायच्या तर मी पुष्कळ देईन, पण आता आपण दोघंच उरलो आहोत एकमेकांना, म्हणून पुरे. मला त्यांच्याविषयी लिही. जेवतात का? झोपतात का? माझं नाव घेतात का? आणि त्या नळीला हात लावतात का? टिन वे अजून वर आहे, हे त्यांना आठवतंय का?

मला तिकडे यायचं आहे. घेऊन जा.

यिन नू


मजीकोन
२० डिसेंबर

प्रिय ताई,

तू लिहिलंस ते खरं आहे. नळी होती. तुला आणण्याइतकी वाट अजून निर्धास्त नाही.

दाजींनी सुरुवातीला नळीला हात लावला नाही. कमांडर रोज येऊन बसायचे, दाजी रोज खंदक खणायचे. आता गावात इतके खंदक झालेत की रात्री बाहेर पडायला कंदील लागतो. सातव्या दिवशी मेलेल्यांसाठी पुण्यदान झालं. ज्याची त्याची माणसं आपापल्या मेलेल्याचं नाव घेऊन तीनदा बोलवत होती, या आणि वाटा घ्या म्हणून. न्यो मावशीचं कुणीच नव्हतं. दाजी उठले आणि त्यांनी तिला तीनदा बोलावलं. आवाज फार मोठा नव्हता. मग मठाच्या पायरीवर बसून राहिले, आणि दुपारी कमांडरकडे जाऊन म्हणाले, "दाखवा नळी."

टेकडी चार दिवसांपूर्वी पडली. मी त्यांच्या शेजारी होतो, गोळे उचलून द्यायला, जिथे टिन वे उभा राहायचा तिथे. प्रत्येक गोळ्याची पिन ते ओढायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मला वाटलं होतं, एखादीत तरी तार सरकवतील. त्यांच्या दुसऱ्या खिशात होत्या. मी बघत होतो. नाही सरकवली. सगळे गोळे वर गेले आणि सगळे फुटले. मी एकदा विचारलं, टिन वेने पळून जायचं ठरवलं असेल तर? ते म्हणाले, "पुढचा दे."

नंतर ते एकटेच टेकडीवर चढून गेले. वर किती वेळ होते ते मी बघितलं नाही. खाली आले तेव्हा हातात एका मुलीचा फोटो होता, तो त्यांनी भंत्यांकडे दिला. ते जेवतात. थोडं. उशाखाली अजून ती लाल फुलांची लुंगी असते. तुझं नाव घेत नाहीत, पण माणूस पाठवताना मी विचारलं, ताईला काही निरोप, तर त्यांनी खिसा रिकामा केला.

उरलेल्या तारा पत्राबरोबर पाठवतोय. म्हणाले, तिला लिही, आता मच्छरदाणीला होतील.

तुझा
मो स्वे